पायरीचा कोपरा

या दिवाळीत आमच्याकडे फराळापेक्षा फोटोंवर जास्त वेळ गेला. म्हंजे झालं असं की २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातलं आमचं घर खालून पूर्ण पाण्यात होतं, आणि वर काय काय न्यायचं या गडबडीत देव नेले, दुकानाच्या वह्या नेल्या, गॅसची टाकी नेली, आईची फोटोंची पत्र्याची पेटी मात्र कॉटखालीच राहिली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा. आणि पाणी समोरून नदीकडून येतं असं बाहेरच्या लोकांना वाटतं, तसं ते येत नाही. ज्या गटारातून आपलं सांडपाणी नदीला जातं त्याच गटारातून नदी उलटी आपल्या घरात येते, आधी मोरीत गुडगुड आवाज होतो आणि मग फरशी ओली व्हायला लागते. फुगवटा हा शब्द सांगलीच्या पोराला शिकवावा लागत नाही.

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत फोटोंची एक सलग वडी झालेली. बादलीत चांगलं पाणी घेऊन एकेक फोटो सोडवला, गच्चीत दोरीवर चिमट्याने लावून वाळवले. काही चांगले निघाले, काहींचा वरचा थर सुटून दुसऱ्याच फोटोच्या पाठीवर जाऊन बसला. मागे आण्णांनी शाईच्या पेनने तारखा लिहिलेल्या असायच्या, त्या सगळ्या धुऊन गेल्या. तेव्हापासून सहा वर्षं ते फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत पडून होते, कुणाचा हात धजत नव्हता.

यंदा माझी पुतणी मुक्ता दिवाळीला आली, बारावी सायन्सला आहे पुण्यात, तिने पिशवी काढली आणि सरळ हॉलमध्ये सतरंजीवर ओतली. म्हणाली, काका, आपण हे ओळीने लावू या.

आता ओळीने लावायचे कसे? तारीख नाही, वर्ष नाही. बरेचसे फोटो दुकानाच्या दारातले, कारण आमचं हळदीचं अडत दुकान तेव्हा घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत होतं आणि आण्णांना कुणीही फोटो काढतो म्हटलं की ते दाराच्या दगडी पायरीवर येऊन उभे राहायचे. तेच धोतर, तीच काळी टोपी, तोच हात कमरेवर. दोन फोटो शेजारी ठेवले तर आधीचा कुठला नंतरचा कुठला, काही म्हणजे काही कळत नव्हतं. आई पलंगावर बसून बघत होती, तिला आता जवळचं कमी दिसतं, पण तिने लांबूनच विचारलं, "पायरी दिसतीया का? उजवा कोपरा हाय का बघ."

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या वरच्या भिंतीतला एक दगड सुटून खाली पायरीवर पडला आणि पायरीचा उजव्या हाताचा कोपरा उडाला, वीतभर. तो कधी कुणी नीट केला नाही. आई म्हणाली, "कोपरा असला तर आधीचा, नसला तर नंतरचा. दगूड काय आपसूक भरून येत न्हाई."

झालं, दोन गठ्ठे पडले. डावीकडे कोपरा शाबूत असलेले, उजवीकडे तुटलेले.

आणि एक फोटो मधेच राहिला. त्यात आण्णा बसलेत, मागे नुसती चुन्याची भिंत, आणि मांडीवर एक तान्हं बाळ, महिन्या-दोन महिन्यांचं, मान धरत नाही म्हणून आण्णांनी एका हाताने डोकं पेललंय. पायरी नाही, दार नाही. हा फोटो मला लहानपणापासून माहीत आहे आणि ते बाळ मीच आहे असं मी आयुष्यभर धरून चाललोय. मुक्ताने विचारलं, हे बाबा कशावरून नाहीत? आईला विचारलं तर ती म्हणाली, दोघं सारखेच दिसायचे, मला आता न्हाई सांगता येत. माझा जन्म मार्च ६७ चा, धाकट्याचा सत्तरचा.

तर हे असं चाललेलं असताना मुक्ताने मोबाईल पुढे केला. कुठलं तरी रील होतं, त्यात एक माणूस जोरजोरात सांगत होता की अँटिमॅटर म्हणजे काळात उलटं जाणारं मॅटर, शास्त्रज्ञांनी टाइम मशीन शोधलंय वगैरे. तिने विचारलं, काका तुम्ही फिजिक्सवाले ना, हे खरंय का?

मी विलिंग्डन कॉलेजला बीएस्सी केलं फिजिक्समध्ये आणि नंतर आयुष्यभर हळद विकली. पण हा एक विषय मी कधी सोडला नाही, रात्री दुकान बंद केल्यावर जे मिळेल ते वाचत आलो. आणि गंमत म्हणजे तिला उत्तर द्यायला सुरुवात केली तर पहिली गोष्ट आठवली तीसुद्धा एका फोटोचीच, आणि त्या फोटोचा प्रश्नही आमच्या सतरंजीवरचाच होता. कुठून कुठे?

२ ऑगस्ट १९३२. अमेरिकेत कॅलिफोर्नियात कॅलटेक नावाची संस्था आहे, तिथे कार्ल अँडरसन नावाचा २६ वर्षांचा पोरगा क्लाउड चेंबरचे फोटो काढत होता. क्लाउड चेंबर म्हणजे बाष्पाने भरलेली पेटी, त्यातून विद्युतभार असलेला कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंब धरतात आणि पांढरी रेघ उमटते, विमान गेल्यावर आकाशात उरते तशी. कण स्वतः दिसत नाही, गेलेल्याची रेघ दिसते. पेटीभोवती जबरदस्त चुंबक, कारण चुंबकात धन भाराचा कण एका बाजूला वळतो आणि ऋण भाराचा दुसऱ्या बाजूला.

आता अडचण बघा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सायकलच्या चाकाचा एक वळलेला पट्टा दिसला. सायकलवाला डावीकडे वळला की उजवीकडे? तो कुठल्या टोकाकडून आला हे माहीत असेल तरच सांगता येईल. या टोकाकडून आला असेल तर डावीकडे वळला, त्या टोकाकडून आला असेल तर उजवीकडे. पट्टा तोच. अँडरसनच्या रेघांचं हेच झालं होतं. धन भाराचा कण वरून खाली आला तरी तीच रेघ, आणि ऋण भाराचा इलेक्ट्रॉन खालून वर गेला तरी तीच रेघ. त्याचे गुरू मिलिकन, नोबेल मिळालेला मोठा माणूस, ते म्हणत होते की विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे कण, वरून येतात त्यामुळे हे खाली येणारे प्रोटॉनच. अँडरसनला वाटत होतं की रेघ प्रोटॉनच्या मानाने फार बारीक आहे, कदाचित इलेक्ट्रॉनच वर जात असतील.

मग त्याने एक साधी गोष्ट केली. पेटीच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी आडवी बसवली. शिशातून जाताना कणाचा दम, म्हणजे ऊर्जा, जाणार. दम गेला की चुंबक त्याला जास्त वळवणार. म्हणजे पट्टीच्या ज्या बाजूला रेघ जास्त वाकडी, तिकडे कण नंतर गेला.

त्या दिवशीच्या फोटोत पट्टीच्या खाली रेघ जवळपास सरळ आहे, वर जास्त वाकलेली. हिशोब केला तर पट्टीत शिरताना ६.३ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणाची ऊर्जा मोजायचं माप) आणि बाहेर पडताना २.३ कोटी. म्हणजे कण खालून वर गेला होता. आणि खालून वर जाऊन त्या बाजूला वळला म्हणजे त्याचा भार धन. प्रोटॉन असता तर इतक्या वळणाचा प्रोटॉन पाचेक मिलिमीटरवरच थांबला असता, ही रेघ पट्टीच्या वर पाच सेंटिमीटरच्याही पुढे गेलेली. म्हणजे वजन इलेक्ट्रॉनसारखं आणि भार उलटा. पॉझिट्रॉन! माणसाने बघितलेला पहिला प्रतिकण, म्हणजे अँटिमॅटरचा कण. १९३६ ला अँडरसनला नोबेल मिळालं.

मुक्ता तो फोटो मोबाईलवर शोधून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, शिशाची पट्टी म्हणजे आपली पायरी. मी अक्षरशः उठून तिच्या पाठीवर थाप मारली.

दिशा कळली ती तोट्यावरून. काहीतरी गेलं म्हणून कळलं.

या कणाची चाहूल आधी कागदावर लागली होती. इंग्लंडच्या पॉल डिरॅक या शास्त्रज्ञाने १९२८ ला इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यात ऊर्जेची उत्तरं दोन येत होती, एक अधिक एक उणे, ९ चं वर्गमूळ ३ पण आणि उणे ३ पण तसं. उणे उत्तर कुणी सहसा धरत नाही, खोडून टाकतात. डिरॅकने ते ठेवलं. सगळ्या उणे जागा इलेक्ट्रॉननी आधीच गच्च भरलेल्या आहेत म्हणून आपल्याला दिसत नाहीत असं म्हणाला, आणि त्यातला एखादा इलेक्ट्रॉन वर उचलला तर जो खड्डा राहील तो आपल्याला धन भाराच्या कणासारखा दिसेल. हरिपूरला हळदीची पेवं होती ना, जमिनीच्या पोटात, तोंडापर्यंत भरून वरून माती लोटली की खाली काही आहे हे वरून चालणाऱ्याला कळायचंही नाही, तसं काहीसं. सुरुवातीला तो हा खड्डा म्हणजे प्रोटॉन असेल म्हणत होता, १९३१ ला मात्र त्याने स्पष्ट लिहिलं की हा नवाच कण असणार. दुसऱ्या वर्षी तो फोटोत सापडला. कागदावरचं उणे चिन्ह खरं मानायला किती मोठी छाती लागत असेल याचा मी अजून विचार करतो.

मग ते काळात उलटं जाणं कुठून आलं? १९४१ ला स्विस शास्त्रज्ञ श्ट्यूकेलबर्ग आणि १९४९ ला रिचर्ड फाइनमन, दोघांनी दाखवलं की काळात उलटा चालणारा इलेक्ट्रॉन आणि काळात सरळ चालणारा पॉझिट्रॉन, यांचं गणित एकच. हे मुक्ताला मी आमच्या गल्ल्यावरून सांगितलं. समज एक गिऱ्हाईक माझ्याकडे शंभराची नोट देतं आणि तू त्याचा व्हिडिओ काढलास. व्हिडिओ उलटा चालव. आता काय दिसतं? मी त्याला शंभर रुपये देतोय. जमा होतं ते नावे झालं. नोट तीच, माणसं तीच, फक्त चिन्ह बदललं. ऋण भार काळात मागे नेणं म्हणजे धन भार पुढे नेणं, खतावणीत दोन्हीची नोंद सारखीच पडते.

फाइनमनने स्वतः दिलेला दाखला वेगळा आहे आणि तो फारच चांगला आहे. विमानातला माणूस दुर्बिणीतून खालचा एक रस्ता बघत चाललाय, अचानक त्याला एकाचे तीन रस्ते दिसतात, आणि पुढे त्यातले दोन एकमेकांना मिळून गायब होतात तेव्हा त्याच्या लक्षात येतं की रस्ता एकच होता, मधे वळण घेऊन मागे आला आणि परत पुढे गेला. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने गेलेल्या माणसाला हे समजवायची गरज नाही. वरून बघितलं तर डोंगरावर रस्त्याचे थर दिसतात, एकावर एक, आणि सगळा एकच रस्ता. इलेक्ट्रॉन पुढे गेला, वळला, मागे आला, परत वळला, पुढे गेला. मधला मागे येणारा तुकडा आपल्याला पॉझिट्रॉन म्हणून दिसतो.

याच कल्पनेतून फाइनमनचे गुरू जॉन व्हीलर यांनी १९४० ला एक दिवस फोन करून त्याला सांगितलं होतं की सगळे इलेक्ट्रॉन अगदी एकसारखे का असतात ते मला कळलं, कारण सगळ्या विश्वात इलेक्ट्रॉन एकच आहे! तोच पुढेमागे येरझाऱ्या घालतोय. फाइनमनने नोबेलच्या भाषणात ही आठवण सांगितली आहे. कल्पना टिकली नाही, कारण मग जितके इलेक्ट्रॉन तितकेच पॉझिट्रॉन असायला हवेत, आणि ते कुठे आहेत? फाइनमनने हेच विचारलं होतं. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे परत येतो.

पण रीलवाल्याचं काय? तर नाही, ते खोटं आहे. आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट त्याहून चांगली आहे. पॉझिट्रॉन तुमच्याआमच्यासारखाच सकाळनंतर दुपार करतो. आधी निघतो, नंतर पोचतो. केळ्यातल्या पोटॅशियममधून तास-दीड तासाला एखादा निघतो. पेट (PET) स्कॅनच्या वेळी पेशंटला जे किरणोत्सारी औषध टोचतात त्यातल्या फ्लोरीन-१८ मधून पॉझिट्रॉनच निघतात, इलेक्ट्रॉनला भेटून दोघं नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात, मशीन तेच पकडतं. त्या औषधातलं अर्धं फ्लोरीन ११० मिनिटांत सरतं. पुण्याहून असं औषध घेऊन निघालेली गाडी खंबाटकी घाटात अडकली तर औषध गाडीतच कमी होत राहणार, काळ काही त्याच्यासाठी मागे जात नाही. उलटं चालणं हे हिशोबात आहे, रस्त्यावर नाही.

आणि हो, आपल्या होमी भाभांचं नाव या हिशोबात आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटून कसे उडतात हे त्यांनी १९३६ मध्ये काढलं, त्याला आजही जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींच्या मशीनमध्ये एकूण किती टकरी झाल्या हे त्यावरून मोजतात. आम्ही काटा तपासायला प्रमाणित वजन ठेवतो, त्या जागी भाभांचं सूत्र.

मुक्ताचा पुढचा प्रश्न मात्र असा होता की मी गप्प बसलो थोडा वेळ. तिने विचारलं, "पण काका, शिशात दम जातोच कशावरून? समजा येतच असेल तर?" म्हणजे फोटो उलटा धरला, समजा कण वरून आला, आणि शिशाने त्याला ढकलून जास्त दम दिला. मग?

बरोबर आहे पोरीचं. शिशातल्या कणांचे जे नियम आहेत ते उलट्या व्हिडिओलाही मान्य आहेत. कण शिशात शिरतो आणि हजारो इलेक्ट्रॉनना थोडं थोडं ढकलत आपला दम वाटून टाकतो. उलटं व्हायचं तर त्या हजारोंनी एका क्षणी, नेमक्या दिशांनी, नेमक्या जोराने त्या एकट्या कणाला रेटायला हवं. मनाई नाहीये. घडत नाही इतकंच. मार्केट यार्डात हळदीचं पोतं उसवलं तर हळकुंडं सांडतात, सांडलेली हळकुंडं उड्या मारून पोत्यात जाऊन बसत नाहीत, कारण सांडून पसरायच्या तऱ्हा अगणित आणि पोत्यात नीट बसायच्या मोजक्या. १८७६ ला लोश्मिट या शास्त्रज्ञाने बोल्ट्झमन या दुसऱ्या शास्त्रज्ञाला हेच तर विचारलं होतं, नियम दोन्हीकडे सारखे असताना तू म्हणतोस ती काळाची दिशा आली कुठून, आणि बोल्ट्झमनने तऱ्हा मोजूनच उत्तर दिलं. व्हिएन्नात त्याच्या थडग्यावर ते सूत्र कोरलंय. तऱ्हांची मोजणी.

म्हणजे पायरीचा कोपरा, शिशाची पट्टी, सांडलेली हळद, सगळं एकाच जातीचं. गर्दीमुळे आलेली दिशा. एकट्या कणाला ती नाही. एकट्या कणाच्या पातळीवर काळाला पुढचं-मागचं काही नाही असं सगळे धरून चालले होते.

१९६४ पर्यंत.

न्यूयॉर्कजवळ ब्रूकहेव्हन म्हणून प्रयोगशाळा आहे, तिथे जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि त्यांचे दोन सहकारी केऑन नावाच्या कणाच्या मागे लागले होते. केऑनचा एक प्रकार जरा जास्त जगतो आणि नियमाप्रमाणे तो फुटून त्याचे दोन पायॉन, म्हणजे आणखी हलके कण, कधीच व्हायला नकोत. हा नियम म्हणजे कण-प्रतिकण अदलाबदल केली आणि आरशातही बघितलं तरी जग तसंच चालावं. नुसत्या आरशाचा नियम १९५७ लाच मोडला होता, ते चिएन-शिउंग वू या बाईंनी कोबाल्टवर दाखवलं होतं, पण दोन्ही बदल एकत्र केले की जुळतं असं मानून लोकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. क्रोनिन-फिचनी २२,७०० केऑनचा हिशोब लावला. त्यात सुमारे ४५ वेळा दोनच पायॉन निघाले. हजाराला दोन. आमच्या धंद्यात क्विंटलला दोनशे ग्रॅमची तूट कुणी विचारतसुद्धा नाही. ते चौघं मात्र ती तूट धरून बसले, आपल्याच मोजमापात चूक असेल म्हणून महिनोन् महिने तपासत राहिले, आणि चूक नव्हती. १९८० चं नोबेल या दोघांना मिळालं.

आता याचा काळाशी काय संबंध? भौतिकशास्त्रातलं एक अतिशय भक्कम प्रमेय आहे की कण-प्रतिकण अदलाबदल, आरसा आणि काळ उलटा, हे तिन्ही एकदम केले तर ताळा जमलाच पाहिजे. आता पहिले दोन करून हजारात दोनची चूक राहत असेल, तर तिसऱ्यानेही तेवढीच चूक उलट बाजूने केली पाहिजे, तरच ताळा जमेल. म्हणजे काळ उलटा केला तर जग हुबेहूब तसंच चालत नाही. एकट्या कणातसुद्धा.

हे नुसतं ताळ्यावरून काढलेलं अनुमान होतं, पण १९९८ ला युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत सीपीलिअर नावाच्या प्रयोगाने ते सरळ मोजलं. केऑन आपणहून आपला प्रतिकण होतो, आणि प्रतिकण परत केऑन होतो, येरझाऱ्या चालू असतात. सांगलीहून मिरजेला आणि मिरजेहून सांगलीला जाणाऱ्या गाड्या मोजाव्यात तसं त्यांनी दोन्हीकडच्या मोजल्या. काळाला दिशा नसेल तर आकडे सारखे यावेत. आले नाहीत. एकूण हजार धरले तर दोन्हीकडच्यांत साडेसहा-सातचा फरक, प्रतिकणाकडून कणाकडे येणारे जास्त. २०१२ ला अमेरिकेत बाबर प्रयोगाने बी मेसॉन नावाच्या दुसऱ्या कणांत हेच दाखवलं, तेही ठसठशीत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, दुकानाच्या वरच्या खोलीत. मला झोप आली नाही. तोपर्यंत मी काळ म्हणजे फक्त झीज असं समजत होतो. आण्णा तेव्हा नुकतेच गेले होते. या छोट्या फरकामुळे माणसं म्हातारी होत नाहीत, त्याचा आणि भूकंपाने उडालेल्या कोपऱ्याचा काही संबंध नाही, हे मला नीट माहीत होतं आणि मुक्तालाही मी ते दोनदा सांगितलं, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. पण झिजेच्या पलीकडे, काही तुटत नसताना, काही सांडत नसताना, काळाला एक बारीकसा कल आहे हे वाचून मला त्या रात्री काहीतरी धरायला मिळालं.

आणि तो कल कशाला लागतो ते बघा. फाइनमनचा प्रश्न, पॉझिट्रॉन गेले कुठे? विश्वाच्या सुरुवातीला कण आणि प्रतिकण सारखेच होते, भेटले की दोघंही संपतात आणि प्रकाश उरतो. हिशोब पूर्ण जुळला असता तर आज नुसता प्रकाश असता. पण साधारण शंभर कोटी प्रतिकणांमागे शंभर कोटी एक कण असं काहीतरी झालं, आणि तो एकेक जादा उरलेला, त्याचं हे सगळं, कृष्णा, आयर्विन पूल, हळद, आई. लक्ष्मीपूजनाला आम्ही वही पुजतो तेव्हा आदल्या रात्री जागून ताळा जमवलेला असतो, रुपयाचा फरक आला तरी आण्णा उठू द्यायचे नाहीत. विश्वाच्या वहीत फरक राहिला म्हणून आपण आहोत.

हा फरक पडायला काय काय लागतं ते रशियाच्या आंद्रेई साखारोव्हने १९६७ ला लिहून ठेवलं. आमच्या कोपऱ्याचं आणि माझ्या जन्माचं साल! तो तीन अटी घालतो. कणांतून प्रतिकण वजा करून जी बाकी राहते ती मुळात बदलू शकली पाहिजे. कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यात फरक हवा, म्हणजे क्रोनिन-फिचनी पकडला तसला. आणि तिसरी अट अशी की हे सगळं विश्व शांत, स्थिर, समतोल असताना घडून चालणार नाही, कारण तोलात असलेल्या जगात जितकं मिळतं तितकंच परत जातं. विश्व पसरत, निवत, बदलत असतानाच ते घडायला हवं. म्हणजे काळाची दिशा दाखवणारे दोन बाण, हळद सांडते तो मोठा बाण आणि केऑनमधला तो छोटा बाण, दोन्ही लागतात. नुसत्या छोट्याने मिळवलेलं टिकलं नसतं आणि नुसत्या मोठ्याने काही मिळालंच नसतं.

प्रयोगशाळेत सापडलेला छोटा बाण आजच्या सिद्धांताप्रमाणे एवढं सगळं द्रव्य उरवायला पुरत नाही, फार कमी पडतो. आणखी कुठेतरी फरक असणार. म्हणून लोक शोधतायत. २०२३ ला सर्नच्या अल्फा प्रयोगाने प्रतिहायड्रोजन सोडून बघितला, तो खालीच पडतो, वर जात नाही. २०२५ ला सर्नच्याच एलएचसीबीने प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जातभाईंत, म्हणजे बॅरिऑनमध्ये, कण-प्रतिकणांच्या वागण्यात अडीच टक्क्यांच्या आसपास फरक दाखवला, बॅरिऑनमध्ये पहिल्यांदाच. मेसॉनमधला, म्हणजे केऑनच्या जातीच्या कणांतला, फरक सापडून साठ वर्षं झाल्यावर.

बोलता बोलता संध्याकाळ झाली, आईने दिवा लावायला सांगितलं. मुक्ता तो मधला फोटो हातात घेऊन उलटसुलट करत होती. मग तिने पाठची बाजू उजेडात तिरकी धरली. पाठीवर राखाडी डाग होता, आम्ही सगळे तो चिखलाचा समजत होतो. ती म्हणाली, काका, यात अक्षरं आहेत.

होती. उलटी. पुरात खालच्या फोटोचा थर सुटून याच्या पाठीवर चिकटला होता, त्यामुळे सगळं डाव्याचं उजवं झालेलं. आईच्या फणेरपेटीतला आरसा आणला, समोर धरला, तर आमच्या दुकानाची पाटी, 'हळदीचे' एवढं स्पष्ट, पुढचं पुसट. पाटीखाली दार. दाराखाली पायरी.

आई फोटो कसे ठेवायची ते तिनेच सांगितलं. नवा आला की तोंड वर करून जुन्यावर ठेवायचा, मधे कधी घुसवायचा नाही. म्हणजे पाठीवर जो चिकटलाय तो याच्या आधीचा.

आरशात पायरीचा उजवा कोपरा नव्हता.

मी तीन-तीनदा बघितलं. भूकंपाच्या पहाटे मी नऊ महिन्यांचा होतो, रांगत होतो. आणि त्यानंतर काढलेल्या या फोटोत आण्णांनी मान न धरणाऱ्या बाळाचं डोकं तळहातावर घेतलंय.

"बाबा," मुक्ता म्हणाली.

आईने हात पुढे केला, फोटो घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, अंगठ्याने आण्णांच्या टोपीवरून एकदा पुसला. मग मुक्ताच्या हातात दिला. मुक्ताने तिच्या बाबाला व्हिडिओ कॉल लावला, तो पुण्यात अजून ऑफिसातच होता, त्याला फोटो नीट दिसेना म्हणून ती उठून दिव्याजवळ गेली. मी आरसा पेटीत परत ठेवला आणि उजव्या गठ्ठ्यात, पायरीच्या दोन फोटोंमधे, त्याची जागा मोकळी केली.